पाणी जाते कोठे?

हैद्राबादहून सोलापूरकडे येणारा हमरस्ता जहीराबाद मागे टाकून बीदर जिल्ह्यात शिरला, म्हणजे हुमनाबादच्या अलीकडे मन्नाएखेळ्ळीचा चौरस्ता लागतो. येथून एक फाटा बीदरला जातो, दुसरा कलबुर्गी जिल्ह्यातील चिंचोळीकडे. वैशाखातील भर दुपार आहे आणि या चौरस्त्यावर एक जुनी मोटार बॉनेट उघडून उभी आहे, अशी कल्पना करा. चालक रेडिएटरमध्ये पाणी ओतीत आहे. जहीराबादेसही त्याने ते ओतले होते. गाडीखालची जमीन मात्र कोरडी ठणठणीत! मग पाणी जाते कोठे?

हा प्रश्न मोटारीइतकाच जुना आहे. कार्ल बेंझच्या १८८६ सालच्या पहिल्या मोटारीत पाणी उकळून वाफ होऊन जावे, हीच इंजिन थंड ठेवण्याची रीत होती. १८८८ साली त्याची पत्नी बेर्टा हिने दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंत प्रवास केला, तेव्हा तिला वाटेत जागोजागी पाणी भरून घ्यावे लागले. पाणी जाणे हा त्या काळी दोष नव्हता, तो इंजिनाचा धर्मच होता. पुढे विल्हेल्म मायबाखने १९०० च्या सुमारास मर्सिडीझ गाडीसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर रचला. त्यात ८,०७० बारीक नळ्या होत्या, आणि पूर्वीच्या निम्म्या, म्हणजे अवघ्या ९ लिटर पाण्यावर ते इंजिन थंड राहू लागले. तेच पाणी पुनःपुन्हा फिरू लागले, आणि तेव्हापासून पाणी कमी होणे ही व्याधी ठरली.

आपल्या या मुलखात ती व्याधी यावयास फार काळ लागला नाही. १९३२ साली निजामाच्या राज्य रेल्वेने मोटारवाहतुकीचे खाते उघडले, ते २७ बसगाड्यांनिशी. सोलापुरास १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर कारखाना काढला आणि १९४७ पासून त्यांच्या मुंबईच्या कुर्ला येथील कारखान्यातून मोटारी बाहेर पडू लागल्या. १९५६ साली हैद्राबाद संस्थानाचे राज्य विभागले, बीदर म्हैसूरकडे आले, उदगीर-निलंगा मुंबई राज्यात गेले. सीमा हलल्या, परंतु चढावर तापणारे इंजिन सर्वांचे सारखेच राहिले.

आता गळतीचे मूळ पाहू. सुमारे दोन हजार फूट उंचीच्या या पठारावर उघड्या भांड्यातील पाणी ९८ अंश सेंटिग्रेडच्या आसपास उकळते. म्हणून रेडिएटरला दाब धरणारे झाकण आले. चौरस इंचास ७ पौंड दाब धरला, की उकळण्याची वेळ ११० अंशांपर्यंत लांबते. लाभ मोठा, पण त्याच दाबाने पाणी प्रत्येक सांध्यावर आतून धडका देऊ लागते. जुन्या गाडीचा पितळी रेडिएटर कथिल-शिशाच्या डाखाने जोडलेला असतो. त्यावर कोणी नव्या गाडीचे अधिक दाबाचे झाकण बसविले, तर दुखणे बरे होण्याऐवजी सांधेच उकलतात.

हट्टी गळतीवर आपल्याकडचा प्रसिद्ध तोडगा म्हणजे हळद. रेडिएटरमध्ये मूठभर पूड टाकली, की ती फुगून छिद्राशी जाऊन बसते. या तोडग्याला कोणी हसू नये. १९५८ साली अमेरिकेची अणुशक्तीवर चालणारी 'नॉटिलस' पाणबुडी उत्तर ध्रुवाखालून जाण्यास निघाली, त्या आधी तिच्या वाफ थंड करणाऱ्या यंत्रात अशीच न सापडणारी गळती होती. तेव्हा खलाशांनी साध्या वेशात सिएटल शहर धुंडाळून मोटारीची गळती बुजविणाऱ्या औषधाचे १४० डबे विकत घेतले, आणि त्यांतील निम्म्यांनी काम भागले. ३ ऑगस्ट १९५८ रोजी नॉटिलस ध्रुवाखालून पार झाली. तथापि हेही ध्यानी ठेवावे, की जी पूड छिद्र बुजविते, तीच रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजविते. हळद घर गाठून देते; रोग बरा करीत नाही.

रोग बरा व्हावयाचा, तर इंजिन पूर्ण निवू द्यावे. तापलेले झाकण उघडून हात भाजून घेऊ नये. मग हातपंपाने रेडिएटरमध्ये झाकणाइतकाच दाब भरून काटा पाहत बसावे. काटा उतरला, की शोध सुरू. रबरी नळ्यांची तोंडे, वॉटर पंपाच्या पोटाखालचे बारीक भोक, ब्लॉकाच्या अंगात बसविलेल्या पोलादी चकत्या हे सारे बोटाने चाचपावे. बाहेर काहीच न आढळले, तर संशय हेड गॅस्केटवर. ब्लॉक बिडाचा आणि माथा ॲल्युमिनियमचा असेल, तर तापताना माथा जवळजवळ दुप्पट पसरतो, आणि मधली गॅस्केट वर्षानुवर्षे घासली जाते. तेल दुधाळ होणे, धुराड्यातून पांढरी वाफ येत राहणे, रेडिएटरमध्ये बुडबुडे उठणे, या त्याच्या खुणा. या खुणा दिसूनही गाडी दामटली, तर माथा वाकतो, आणि मग दोष गॅस्केटपुरता उरत नाही.

आपल्या चौरस्त्यावरच्या गाडीचे काय? पंपाखाली नीट पाहिले, तर पांढुरका, गंजलेला एक ओघळ आढळतो. गाडी धावताना तेथून निघालेले पाणी पंख्याच्या वाऱ्याने आणि लोखंडाच्या आंचेने जमिनीवर पोचण्याआधीच सुकत होते. पाणी गेले, पण आपली खूण ठेवून गेले.

अँबेसेडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. नव्या गाड्यांचे रेडिएटर ॲल्युमिनियमचे, त्यांच्या टाक्या प्लॅस्टिकच्या. त्यांना डाख लागत नाही, ते फुटले की बदलावयाचे. म्हणून पितळेला डाख लावणारे हातही हळूहळू कमी होत आहेत. ज्या बीदरने जस्त-तांब्याच्या काळ्या धातूत चांदीची वेल जडविली, त्या बीदरच्या वाटेवर तरी धातूची भाषा वाचणारी माणसे टिकावीत. जुने इंजिन जगते, ते सुटे भाग मिळतात म्हणून तर खरेच. पण त्याहून अधिक, त्याचा सुकलेला ओघळ वाचणारा कोणी जवळ असतो म्हणून.