वुडलँड्सची तबकडी

हार्ड डिस्कवर ‘प्रॉडक्ट ऑफ थायलंड’ असं छापलेलं असतं. ते खोटं नाही, पण अर्धंच खरं आहे. सीगेटची डिस्क घ्या. जुळणी होते थायलंडमध्ये कोराटला, नाहीतर चीनमध्ये वूशीला. लिहिणारं-वाचणारं हेड ज्या वेफरवर घडतं, तो वेफर उत्तर आयर्लंडच्या डेरीतून किंवा अमेरिकेच्या मिनेसोटातून येतो. अ‍ॅल्युमिनियमच्या कोऱ्या चकत्या मलेशियातल्या जोहोरच्या, म्हणजे माझ्या गॅलरीतून जी सामुद्रधुनी दिसते तिच्या पलीकडच्या. त्या चकत्यांवर चुंबकीय थर चढून त्यांची तबकडी होते ती मात्र इथे, सिंगापूरच्या उत्तर टोकाला, वुडलँड्स लूपवरच्या कारखान्यात. आपले फोटो प्रत्यक्ष ज्या पृष्ठभागावर राहतात, तो आमच्या वस्तीतला माल आहे. लिफ्टमध्ये भेटणाऱ्या शेजाऱ्यांना विचारलं तर बहुतेकांना हे ठाऊक नसतं.

मला ठाऊक आहे ते धंद्यामुळे. १९९०च्या दशकात भोसरीतली टूलरूम सोडून मी इथे आलो आणि डिस्कवाल्यांना धातूचे सुटे भाग पुरवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये लागलो. भोसरीत एखाद-दुसऱ्या मायक्रॉनवरून इन्स्पेक्टरशी हुज्जत घालण्यात आमची पाळी संपायची. इथे फिरत्या तबकडीवर हेड तरंगायचं तेच मुळी मायक्रॉनच्या एका लहानशा हिश्शाएवढ्या उंचीवर. आज ती उंची काही नॅनोमीटरवर आली आहे. वर्कशॉपमध्ये जॉबवर बोटाचा ठसा राहिला तरी अख्खा ट्रे परत यायचा.

हा धंदा सिंगापूरला आलाच कसा? पहिली हार्ड डिस्क आयबीएमची, १९५६ सालची, कॅलिफोर्नियात बनलेली. दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या आणि त्यांवर पन्नास लाख अक्षरं. १९७९ मध्ये अ‍ॅलन शुगार्ट, फिनिस कॉनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जी कंपनी काढली, तीच पुढे सीगेट झाली. १९८० मध्ये तिने सव्वापाच इंची डिस्क बाजारात आणली. तिची क्षमता होती ५ मेगाबाइट. पीसी बनवणाऱ्यांना हीच वस्तू दर वर्षी मोठी आणि स्वस्त हवी होती. १९८२ मध्ये सीगेटने सिंगापूर गाठलं, आणि दोन-एक वर्षांत कॅलिफोर्नियातलं जुळणीकामही इकडे हलवलं.

नुसता स्वस्त मजूर हवा असता तर दुसरे देश होते. इथल्या सरकारने १९७९ पासून मजुरी मुद्दाम चढवत नेली होती. हलकी कामं निघून जावीत आणि त्यांच्या जागी कसबाची यावीत, हा त्यामागचा हिशोब. पण टेक्सास इन्स्ट्रुमेंट्ससारखे कारखाने १९६८ पासून इथे चालू होते. त्यामुळे मायक्रोस्कोपखाली बारीक काम करणारे हात तयार होते, सुपरवायझर तयार होते, आणि विमानतळ, बंदर, वीज यांची खात्री होती. डिस्कची जुळणी कॅलिफोर्नियाच्या पगारात परवडत नव्हती आणि नवख्या हातांना जमत नव्हती. ती नेमकी इथे बसली. मागोमाग मॅक्सटर, मायक्रोपोलिस, कॉनर, वेस्टर्न डिजिटल आले. त्यांच्याभोवती डायकास्टिंगवाले, प्लेटिंगवाले, आमच्यासारखे मशिनिंगवाले उभे राहिले. १९८०च्या दशकाच्या अखेरीला जगातल्या जवळपास निम्म्या हार्ड डिस्क या चिमुकल्या बेटावर बनत होत्या.

ते हात कोणाचे होते, हे मला आमच्या मजल्यावरच्या माकचिककडून कळलं. माकचिक म्हणजे मलय मावशी. तिला सगळी इमारत तसंच हाक मारते. ती मूळची जोहोर बारूची. विशी उलटायच्या आत एका अमेरिकन डिस्क कंपनीत लागली. पहाटे सामुद्रधुनीवरच्या कॉजवेच्या पलीकडे कंपनीची बस उभी राहायची, इमिग्रेशनच्या रांगेत अर्धवट झोप व्हायची. कारखान्यात शिरताना पावडर, लिपस्टिक, सगळं पुसावं लागे. मग पांढरा झगा, टोपी, तोंडावर फडकं, नुसते डोळे उघडे. टोकदार चिमट्यात केसाएवढी तार धरायची आणि मायक्रोस्कोपमधून बघत हेडच्या भुजेवर बसवायची. अशी एकामागून एक, पाळी संपेपर्यंत. आजही ती सुईत दोरा ओवते तेव्हा चष्म्यावरून आमच्याकडे बघत असते, दोऱ्याकडे नाही. १९९८च्या मंदीत तिची अख्खी लाइन बंद झाली. मशिनं थायलंडला गेली, आणि नव्या मुलींना शिकवायला यांच्यातल्याच काही जणींना महिनाभर तिकडे पाठवलं होतं.

जुळणीचं काम असंच सरकत गेलं. थायलंड, मलेशिया, चीन. अडचणीत आलेला मायक्रोपोलिसचा धंदा सिंगापूर टेक्नॉलॉजीजने १९९६ मध्ये विकत घेतला आणि १९९७ मध्ये गुंडाळलाही. ऑगस्ट २००९ मध्ये सीगेटने आपला सिंगापुरातल्या आंग मो किओचा डिस्क कारखाना बंद करण्याचं जाहीर केलं; सुमारे दोन हजार नोकऱ्या गेल्या. वुडलँड्सचा तबकडीचा कारखाना मात्र चालूच राहिला.

तो का राहिला, ते जुनी डिस्क उघडली की समजतं. झाकणाचे ताऱ्यासारख्या खाचेचे स्क्रू काढायचे, एखादा लेबलखाली दडलेला असतो तोही शोधायचा. झाकण निघालं की खाली लखलखीत तबकडी. तिच्यात आपला चेहरा इतका स्वच्छ दिसतो की दाढी करावी. ही चकाकी नुसत्या पॉलिशची नव्हे. धुतलेली चकती कडेने धरून एकामागून एक निर्वात खोल्यांतून नेतात, आणि प्रत्येक खोलीत काही सेकंदांत एकेक थर बसतो: खाली मऊ चुंबकीय थर, वर कोबाल्ट-क्रोमियम-प्लॅटिनमच्या मिश्रधातूचे कण, त्यावर दोन-तीन नॅनोमीटरचं कार्बनचं कवच, शेवटी वंगणाचा पुसट हात. या कामात माणसं थोडी आणि यंत्रं महागडी. कुठल्या खोलीत किती तापमानाला कण बारीक पडतात, हे ज्ञान वर्षानुवर्षं चुकत-माकत साठलेलं. चिमटा आणि मायक्रोस्कोप खोक्यात भरून नेता येतात, हे ज्ञान नेता येत नाही. म्हणून हातांचं काम गेलं आणि निर्वात खोल्यांचं राहिलं.

अशी एक डिस्क मी उघडली कारण ती निकामी होत चालली होती. आमच्या टीव्हीखालच्या कपाटात चार खणांचा नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेली डिस्कची पेटी, आहे. त्यात मुलीचे फोटो, मंडळाच्या गणेशोत्सवांच्या चित्रफिती, आईच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या. एका खणातल्या डिस्कवर खराब सेक्टर वाढू लागले होते. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये हजारो डिस्कचा हिशोब मांडला होता: तपासणीत पहिली चूक सापडली की पुढच्या साठ दिवसांत ती डिस्क बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट. तेव्हा वाट बघण्यात अर्थ नव्हता. सिम लिम स्क्वेअरमधून नवी आणली, खण ओढला, जुनी काढून नवी सरकवली. पेटी बंदही करावी लागली नाही. बाकीच्या तिघींनी मिळून हरवलेला मजकूर पुन्हा लिहून काढला. ४ टेराबाइट म्हणजे सात-आठ तासांचं काम.

ही युक्ती बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ मध्ये मांडली. तीन वह्यांत तीन आकडे लिहावेत आणि चौथीत त्यांची बेरीज. कुठलीही एक वही हरवली तरी आकडा परत मिळतो. मोठ्या महाग डिस्कऐवजी पीसीच्या स्वस्त डिस्क वापरा, त्या मरणारच हे धरून चाला, असं त्यांचं म्हणणं. त्या स्वस्त डिस्क त्या वेळी सर्वांत जास्त कुठे बनत होत्या, ते वर आलंच आहे. दोन वह्या एकदम हरवल्या तर मात्र ही बेरीज कामाची नाही, म्हणून आमची आणखी एक प्रत पुण्यात बहिणीकडे असते.

मुलगी म्हणते, “बाबा, अजून फिरणाऱ्या तबकड्या कसल्या घेता? एसएसडी घ्या.” तिच्या एसएसडीतली नँड फ्लॅश चिप बनवणारा मायक्रॉन कंपनीचा कारखानाही वुडलँड्समध्येच आहे, २०११ पासून. मी तबकडी घेतो ती किमतीसाठी. तेवढ्याच पैशांत कितीतरी जास्त जागा मिळते. सीगेटने २०२४ मध्ये ३० टेराबाइटच्या डिस्कची घोषणा केली. तिच्यात लिहिण्याआधी लेझरने तबकडीचा ठिपका तापवतात, आणि त्यासाठी मिश्रधातूही बदलून लोह-प्लॅटिनमचा केला आहे. म्हणजे निर्वात खोल्यांना अजून काही वर्षं काम आहे.

सिंगापूरच्या औद्योगिक इतिहासात ही चढत्या पायऱ्यांची गोष्ट म्हणून सांगितली जाते: जुळणीकडून तबकडीकडे, तबकडीकडून चिपकडे. देशाच्या हिशोबात ती खरीच आहे. पण एक पायरी सोडून पुढची चढणारी माणसं तीच नव्हती. माकचिक मायक्रॉनमध्ये इंजिनिअर झाली नाही, ती शाळेच्या कँटीनमध्ये लागली. उद्या तबकडी हरली आणि फ्लॅश जिंकली तर वुडलँड्सचं फारसं बिघडणार नाही, दोन्हींचे कारखाने इथेच आहेत. बिघडेल ते लूपवरच्या रात्रपाळीचं, आणि तिची भरपाई करणारी बेरीज कुठल्याही वहीत लिहिलेली नाही.