करडईचे तेल (त्वचेसाठी वापर)

करडईचे तेल हे करडई (करडी, संस्कृत नाव : कुसुंभ, शास्त्रीय नाव : कार्थॅमस टिंक्टोरियस) या सूर्यफूल कुलातील काटेरी वनस्पतीच्या बियांपासून काढले जाणारे फिकट पिवळे तेल आहे. महाराष्ट्रात मराठवाडा व सोलापूर भागात हे पीक रब्बी हंगामात कोरडवाहू जमिनीत घेतले जाते. तेल प्रामुख्याने स्वयंपाकात वापरतात. अंगाला लावण्यासाठी, विशेषतः मालिशसाठीही त्याचा उपयोग होतो.

घटक

नेहमीच्या वाणांच्या तेलात लिनोलेइक आम्लाचे प्रमाण सुमारे ७५ टक्के असते. हे मेदाम्ल शरीर स्वतः तयार करू शकत नाही. त्वचेच्या बाह्य थरातील ओलावा टिकवून धरणाऱ्या मेदद्रव्यांचा ते घटक आहे. काही सुधारित वाणांत मात्र ओलेइक आम्ल अधिक असते.

पुण्यातील अभ्यास

पुण्यातील केईएम रुग्णालयातील डॉक्टरांनी १२० नवजात बालकांवर केलेला अभ्यास २००५ मध्ये ‘इंडियन पेडिॲट्रिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एका गटाला करडईच्या, दुसऱ्याला खोबरेल तेलाने दिवसातून चार वेळा, प्रत्येकी ५ मिलिलिटर याप्रमाणे पाच दिवस मालिश करण्यात आली. तिसऱ्या गटाला तेल लावले नाही. करडई गटातील बालकांच्या रक्तात आवश्यक मेदाम्ले, तर खोबरेल गटात संपृक्त मेद वाढल्याचे आढळले. मालिशचे दुष्परिणाम दिसले नाहीत. बालकाच्या त्वचेवर लावलेले तेल अंशतः शरीरात शोषले जाते, असा याचा अर्थ होतो. म्हणून तान्ह्या बाळासाठी भेसळयुक्त, सुगंधी किंवा खवट तेल वापरणे योग्य नाही.

सुरक्षितता

निरोगी त्वचेवर हे तेल सामान्यतः सुरक्षित मानले जाते. सूर्यफूल कुलातील वनस्पतींची ॲलर्जी असणाऱ्यांनी आधी कोपराच्या आतील बाजूस थेंबभर लावून एक-दोन दिवस पाहावे. खाज, लाली वा पुरळ उठल्यास वापर थांबवावा. तेलकट कोंडा किंवा चिघळलेली जखम असल्यास वैद्यकीय सल्ल्याशिवाय ते लावू नये. हवा व उजेडाच्या संपर्काने तेल लवकर खवट होते. म्हणून ते घट्ट झाकणाच्या बाटलीत, अंधाऱ्या व थंड जागी ठेवावे. उन्हापासून संरक्षणासाठी या तेलावर विसंबता येत नाही.

आयुर्वेदातील उल्लेख

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात कुसुंभाचे तेल वनस्पतिजन्य स्नेहांमध्ये सर्वांत अहितकर सांगितले आहे. हा उल्लेख आहारद्रव्यांच्या हिताहिताच्या विवेचनात येतो. त्यामुळे तो त्वचेवरील वापराविषयीचा निष्कर्ष समजता येत नाही.