अवरक्त सॉनाचा योग्य अंश : एका आकड्याचा अडीचशे वर्षांचा शोध

#थ्रेड #इतिहास

१/
फिनलंडमधील पारंपरिक सॉनामध्ये हवेचे तापमान साधारणपणे ८० ते १०० अंश सेल्सिअस असते. अवरक्त किरणांच्या सॉनामध्ये ते बहुधा ४५ ते ६० अंशांच्या दरम्यान ठेवले जाते. तरीही दोन्हीकडे माणूस घामाने निथळतो. मग योग्य आकडा कोणता? या साध्या प्रश्नामागे धाडसी प्रयोगांचा, वैद्यकीय परिश्रमांचा आणि एका जीवघेण्या स्पर्धेचा इतिहास आहे.

२/
तापमापक नव्हता, तेव्हाही माणूस उष्णतेने उपचार करीत होता. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौदावा अध्याय स्वेदनाला वाहिलेला आहे. अग्नीच्या साहाय्याने घाम आणण्याचे १३ प्रकार त्यात सांगितले आहेत. त्यांतील ‘जेंताक’ प्रकारात एक गोल खोली, मधोमध बारीक छिद्रे असलेला मातीचा भट्टीवजा खांब आणि भिंतीलगत बसण्या-निजण्यासाठी ओटा अशी रचना असे. खैरासारखी लाकडे जळून धूर निघून गेला की रुग्णाला आत नेत. पुढचे काम निखाऱ्यांची आणि तापलेल्या मातीची धग करी.

३/
या वर्णनात अंश नाहीत, लक्षणे आहेत. थंडी, वेदना व जडपणा गेला, अंग मऊ पडले आणि घाम आला की थांबावे. मूर्च्छा, दाह, तहान, आवाज व अवयव क्षीण होणे ही अतिरेकाची चिन्हे. हृदय, डोळे व वृषण यांना सौम्य शेक द्यावा किंवा देऊच नये. गर्भवती, नित्य मद्यपान करणारे आणि मधुमेही यांना स्वेदन वर्ज्य. मात्रा ठरे ती व्याधी, ऋतू आणि रुग्णाचे बळ पाहून. खोली किती तापली, यापेक्षा शरीर काय सांगते याला महत्त्व होते.

४/
अंशांचा प्रवेश झाला तो अठराव्या शतकात. १७७४ साली लंडनमध्ये डॉ. जॉर्ज फोर्डाइस यांनी काही खोल्या मुद्दाम तापवल्या आणि चार्ल्स ब्लॅग्डन, जोसेफ बँक्स, डॅनियल सोलँडर आदी मंडळींना आत बोलावले. बँक्स व सोलँडर हे कॅप्टन कुकच्या पहिल्या जगप्रवासातील निसर्गशास्त्रज्ञ. प्रश्न असा होता : भोवतालची हवा शरीराहून पुष्कळ तप्त असली, तर जिवंत शरीर आपली उष्णता स्थिर ठेवू शकते काय?

५/
प्रयोग वाढत वाढत २६० अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे सुमारे १२७ अंश सेल्सिअसपर्यंत गेला. ब्लॅग्डन त्या खोलीत सुमारे ८ मिनिटे थांबले. घड्याळाची साखळी हाताला चटका देत होती. तापमापकावर फुंकर घातली की पारा खाली येई, कारण माणसाचा उच्छ्वास त्या हवेपेक्षा कितीतरी थंड होता. शरीराचे तापमान मात्र जवळजवळ जिथल्या तिथे राहिले.

६/
त्याच खोलीत अंडी सुमारे २० मिनिटांत भाजून कडक झाली. गोमांसाचा एक तुकडा ४७ मिनिटांत शिजून जवळजवळ कोरडा पडला, दुसरा ३३ मिनिटांतच प्रमाणाबाहेर शिजला. तिसऱ्या तुकड्यावर भात्याने हवा मारली, तेव्हा तो १३ मिनिटांत तयार झाला. खोलीत तप्त हवेची हालचाल वाढताच तीच हवा अधिक उष्णता पोहोचवू लागली. तापमापकाच्या आकड्यात ही गोष्ट कोठेच दिसत नव्हती.

७/
माणसे का वाचली, याचे उत्तर पाण्याच्या दोन भांड्यांनी दिले. त्या तप्त खोलीत उघडे ठेवलेले पाणी उकळेना. बाष्पीभवन त्याला थंड राखत होते. पाण्यावर तेलाचा पातळ थर देताच बाष्पीभवन थांबले आणि पाणी उकळू लागले. माणसाचे कवचही तेच होते : घाम, आणि तो सुकवून नेणारी कोरडी हवा. ब्लॅग्डन यांचे हे वृत्तांत १७७५ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

८/
पुढचा धागा थेट आकाशातून आला. युरेनसचा शोध लावणारे विल्यम हर्शेल सूर्याचे निरीक्षण रंगीत काचांमधून करीत. काही काचांतून प्रकाश थोडा येई, पण उष्णता भरपूर जाणवे. १८०० साली त्यांनी लोलकाने सूर्यप्रकाश रंगांत विभागला आणि एकेका रंगात तापमापक ठेवला. तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हते, तिथे पारा सर्वाधिक चढला. आज ज्यांना अवरक्त किरण म्हणतात, त्यांचा हा शोध.

९/
उष्णतेला पोहोचण्यासाठी हवा तापवावीच लागते असे नाही, हे यातून स्पष्ट झाले. १८५९ ते १८६१ या काळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन टिंडल यांनी वायूंतून उष्णता-किरण कितपत पार होतात, हे मोजले. कोरडी हवा त्यांना जवळजवळ अडवतच नाही, पाण्याची वाफ मात्र शोषून घेते, असे त्यांना आढळले. हिवाळ्यात शेकोटीपुढे बसलेल्याचा चेहरा भाजतो आणि पाठ गारठते, त्यामागे हाच न्याय आहे.

१०/
या ज्ञानाचा उपचारासाठी गाजावाजाने वापर केला तो अमेरिकेतील डॉ. जॉन हार्वे केलॉग यांनी. कॉर्नफ्लेक्समुळे जगाला ठाऊक असलेले हेच ते केलॉग. मिशिगनमधील बॅटल क्रीक येथील आपल्या आरोग्यधामात त्यांनी १८९१ च्या सुमारास ‘विद्युत-प्रकाश स्नान’ सुरू केले. लाकडी पेटी, आत विजेच्या दिव्यांच्या रांगा, मध्ये बसलेला रुग्ण आणि पेटीबाहेर त्याचे डोके. तापलेल्या तारेचा दिवा आपली बहुतेक ऊर्जा अवरक्त किरणांच्या रूपानेच बाहेर टाकतो. त्यामुळे नाव प्रकाशाचे असले, तरी काम अवरक्त शेकाचे होते.

११/
वाफेच्या वा तप्त हवेच्या खोलीपेक्षा या पेटीत घाम लवकर आणि कमी तापमानाला सुटतो, हा केलॉग यांचा मुख्य दावा होता. १९१० साली त्यांनी प्रकाशोपचारावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यांचे सर्वच दावे काळाच्या कसोटीला उतरले नाहीत, परंतु पेटी लोकप्रिय झाली. १९१२ साली बुडालेल्या टायटॅनिक जहाजावर, तुर्की स्नानगृहाच्या दालनात असे विद्युत-स्नान उपलब्ध होते.

१२/
फिनलंडची वाट निराळी. तेथे चूल दगड तापवते, दगड हवा तापवतात आणि दगडांवर पाणी टाकताच वाफेची लाट उठते. तिला फिनिश भाषेत ‘लोयलू’ म्हणतात. तापमापकाचा काटा फारसा हलत नाही, पण अंगाला आग लागल्यासारखे वाटते. २०२० साली युनेस्कोने फिनलंडच्या सॉना-संस्कृतीचा अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. या परंपरेतील जाणकार चुलीच्या अंशांपेक्षा वाफेच्या गुणवत्तेविषयी अधिक बोलतात.

१३/
हवेच्या तापमानावर विसंबणे किती धोक्याचे, हे विसाव्या शतकात लष्कराला कळले. ब्रिटिश संशोधक होरेस व्हर्नन यांनी १९३० च्या सुमारास काळ्या रंगाचा पोकळ तांब्याचा गोळा घेऊन त्यात तापमापक बसवला. हवेबरोबर भोवतालच्या किरणांची धगही तो टिपू लागला. पुढे अमेरिकेच्या मरीन दलाच्या प्रशिक्षण तळांवर जवान उष्माघाताने कोसळू लागले, तेव्हा याग्लू व मिनार्ड यांनी १९५७ साली एक संयुक्त निर्देशांक मांडला.

१४/
त्या सूत्रातील वाटे पाहण्यासारखे आहेत. ओल्या कापडात गुंडाळलेल्या तापमापकाला, म्हणजे घाम सुकण्याच्या शक्यतेला, ७० टक्के. काळ्या गोळ्याला, म्हणजे किरणांच्या धगीला, २० टक्के. साध्या हवेच्या तापमानाला फक्त १० टक्के. सॉनाच्या दारावर ठळकपणे झळकणारा आकडा बहुधा याच शेवटच्या गोष्टीचा असतो.

१५/
अवरक्त सॉनाच्या ६० अंशांना वैद्यकीय वजन मिळाले ते जपानमध्ये. हृदय निकामी होत चाललेल्या रुग्णाला गरम पाण्याच्या स्नानापासून दूर ठेवावे, अशी तेव्हाची सावध समजूत होती. खोल पाण्यात बसले की पाण्याचा दाब रक्त हृदयाकडे ढकलतो आणि थकलेल्या हृदयावरील भार वाढतो. कागोशिमा विद्यापीठातील डॉ. चुवा तेई यांनी १९८९ पासून कोरड्या अवरक्त कक्षाचा मार्ग धरला. त्यात उष्णता होती, पाण्याचा दाब नव्हता.

१६/
पद्धत काटेकोर होती. ६० अंशांच्या कक्षात १५ मिनिटे, मग बाहेर पांघरुणात गुंडाळून ३० मिनिटे विश्रांती आणि शेवटी घामाने घटलेल्या वजनाइतके पाणी. उद्दिष्ट घामाच्या धारांचे नव्हते. शरीराच्या आतील तापमान सुमारे १ अंशाने वाढावे, रक्तवाहिन्या सैल व्हाव्यात आणि हृदयाला कमी विरोधाविरुद्ध काम करावे लागावे, एवढेच अपेक्षित होते. १९९५ साली ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढे या पद्धतीला ‘वाओन’, म्हणजे सुखद ऊब, असे नाव मिळाले.

१७/
या पद्धतीची मोठी परीक्षाही झाली. जपानमधील अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या तुलनात्मक चाचणीचे निष्कर्ष २०१६ साली आले. हृदयावरील ताण दाखवणाऱ्या रक्तघटकात, म्हणजे चाचणीच्या मुख्य निकषात, उपचार घेतलेल्या व न घेतलेल्या गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. चालण्याची क्षमता व लक्षणे यांत मात्र उपचार घेतलेल्यांत सुधारणा दिसली. म्हणजे लाभाची शक्यता आहे, चमत्कार नाही. शिवाय हे सर्व डॉक्टरांच्या देखरेखीखाली झाले होते, हे विसरता येत नाही.

१८/
आकड्याच्या मोहाचा शेवट कसा होऊ शकतो, ते फिनलंडमधील हेनोला गावाने पाहिले. १९९९ पासून तेथे जागतिक सॉना स्पर्धा भरे. तापमान ११० अंश, दर ३० सेकंदांनी दगडांवर अर्धा लिटर पाणी आणि जो शेवटपर्यंत बसेल तो विजेता. ऑगस्ट २०१० च्या अंतिम फेरीत सुमारे ६ मिनिटांनंतर दोन्ही स्पर्धकांना बाहेर काढावे लागले. रशियन स्पर्धकाचा मृत्यू झाला, फिनलंडचा स्पर्धक गंभीर भाजला. स्पर्धा कायमची बंद झाली.

१९/
येथे १७७४ ची खोली पुन्हा आठवावी. ब्लॅग्डन १२७ अंशांच्या कोरड्या हवेत ८ मिनिटे थांबून सुखरूप बाहेर आले. हेनोलातील ११० अंशांच्या वाफेने ६ मिनिटांत जीव घेतला. आकडा लहान होता, पण वाफेने घामाचे सुकणे थांबवले होते आणि वर ती स्वतःच त्वचेवर पाणी होऊन आपली सुप्त उष्णता अंगात ओतत होती. तेलाचा थर दिलेल्या त्या भांड्यासारखीच शरीराची स्थिती झाली होती.

२०/
आजच्या अवरक्त सॉनाभोवतीही एक गैरसमज फिरतो : हे किरण कित्येक सेंटीमीटर आत शिरतात. अशा कक्षांतील तक्त्यांमधून मुख्यत्वे दूर-अवरक्त किरण निघतात आणि ते त्वचेच्या अगदी वरच्या, मिलिमीटरहूनही पातळ थरात शोषले जातात. तिथून उष्णता आत नेण्याचे काम रक्त करते. त्यामुळे वेळ हा तापमानाइतकाच महत्त्वाचा ठरतो. ५० अंशांत ३० मिनिटे आणि ६० अंशांत १५ मिनिटे यांची तुलना केवळ अंश पाहून करता येत नाही.

२१/
या इतिहासातून व्यवहाराचा धडा निघतो. नवख्याने ४० ते ४५ अंशांना १० ते १५ मिनिटांपासून आरंभ करावा आणि अंग सरावल्यावरच वेळ वा तापमान वाढवावे, तेही एका वेळी एकच. ६० च्या पुढे जाण्याची गरज सहसा नसते. तक्त्याजवळ बसलेल्याला दूर बसलेल्यापेक्षा अधिक धग लागते, हवेचा आकडा दोघांसाठी एकच असला तरी. आधी आणि नंतर पाणी प्यावे, मद्य घेऊन आत जाऊ नये.

२२/
चक्कर, मळमळ, छातीत धडधड किंवा घाम अचानक थांबणे यांपैकी काहीही जाणवले, तर उरलेल्या मिनिटांचा हिशोब न करता बाहेर यावे. हृदयविकार, रक्तदाबाचा त्रास, मधुमेह, गर्भारपण, किंवा लघवी वाढवणारी व रक्तदाब उतरवणारी औषधे चालू असतील, तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. चरकसंहितेतील वर्ज्यांची यादी आणि आजच्या दवाखान्यातील यादी यांत काही नावे समान आहेत.

२३/
ब्लॅग्डन यांनी घामाचे महत्त्व दाखवले, हर्शेल यांनी अदृश्य किरण दाखवले, टिंडल यांनी हवा त्यांना वाट देते हे मोजले, तर तेई यांनी लक्ष खोलीच्या तापमानावरून शरीराच्या आतील एका अंशाकडे वळवले. ४५ काय किंवा ६० काय, दारावरचा आकडा खोलीविषयी सांगतो. आत बसलेल्या माणसाला किती पुरे, ते त्याचा घाम, त्याची नाडी आणि त्याचा श्वास सांगतात.