परदेशी कोर्ट, देशी पंच

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण म्हणतो. आणि तोच शहाणा कोर्टाच्या नाटकाचे तिकीट मात्र आनंदाने काढतो. वकिलाचा आडवा-तिडवा प्रश्न, साक्षीदाराची गाळण, न्यायाधीशाचा निकाल, ह्यांची गोडी खेड्यातल्या माणसालाही आहे नि शहरातल्यालाही. बुलढाण्यासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी तर कोर्ट हा गावाच्या रोजच्या व्यवहाराचाच भाग होय. तारखेला आलेले पक्षकार, झाडाखाली बसलेले अर्जनवीस, काळा कोट घातलेले वकील, हे दृश्य आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. मेहकरला वकिली करता करता मराठी भावगीताला नवे वळण लावणारे कवी ना. घ. देशपांडे आपल्याच जिल्ह्याचे. तेव्हा कोर्ट आणि वाङ्मय ह्यांचे नाते आपल्याला परके नाही. परंतु एका देशातले कोर्टाचे नाटक दुसऱ्या देशात न्यावयाचे झाले, म्हणजे नेमके काय बदलावे लागते, ह्याचा विचार आपण सहसा करीत नाही. आज त्याचाच थोडा विचार करू.

प्रथम एक परदेशी उदाहरण घेऊ. अमेरिकेत १९९० साली 'लॉ अँड ऑर्डर' ही दूरदर्शन मालिका सुरू झाली. तिच्या प्रत्येक भागाचा पहिला अर्धा पोलिसांच्या तपासाचा आणि दुसरा अर्धा कोर्टातल्या खटल्याचा. १९ वर्षांनी, २००९ साली, इंग्लंडमधील आयटीव्ही ह्या वाहिनीने हीच मालिका लंडनच्या वेषात आणली आणि ती २०१४ पर्यंत चालविली. सुरुवातीच्या भागांची कथानके मूळ अमेरिकन संहितांवरून घेतलेली होती. भाषा तीच, इंग्रजी. मग अडचण कसली, असे कोणास वाटेल. परंतु अडचण भाषेची नव्हतीच. ती कायद्याची होती.

न्यूयॉर्कचा मुख्य सरकारी वकील लोकांच्या मतांनी निवडून येतो. लंडनमध्ये खटला चालविते ती १९८६ साली अस्तित्वात आलेली सरकारी अभियोग-यंत्रणा. तिला मते मागावयाची नसतात. अमेरिकेत आरोपी आपल्या वकिलाशेजारी खुर्ची टाकून बसतो, इंग्लंडमध्ये तो पिंजऱ्यात असतो. अमेरिकन सरकारी वकील आरोपीशी शिक्षेचा सौदा करतो आणि कित्येक कथानके ह्या सौद्यावरच फिरतात. इंग्लंडमध्ये तशी उघड घासाघीस चालत नाही. अमेरिकेत आरोपी गप्प राहिला तर त्याचे मौन त्याच्याविरुद्ध मोजता येत नाही. इंग्लंडमध्ये १९९४ च्या कायद्याने काही परिस्थितीत ते मोजता येऊ लागले. खुनाला फाशी इंग्लंडमधून १९६० नंतरच्या दशकातच गेली होती. इतकेच काय, न्यायाधीशाच्या हातातला लाकडी हातोडासुद्धा इंग्लंडच्या कोर्टात नसतो. आपल्याही कोर्टात तो नाही. परंतु आपल्या सिनेमातला न्यायाधीश मात्र तो आपटल्यावाचून बोलत नाही. परक्याचे नाटक उसने घेताना त्याचे फर्निचरही कसे नकळत घरात येते, त्याचा हा लहानसा नमुना होय.

आता ह्या सर्व फरकांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे, आणि तो म्हणजे न्याय करावयाचा अधिकार कोणाचा? अमेरिकेच्या व इंग्लंडच्या नाटकांत ह्याचे उत्तर ठरलेले आहे. गंभीर फौजदारी खटल्यात आरोपी गुन्हेगार की निर्दोष, हे १२ सामान्य नागरिक ठरवितात. त्यांना आपण ज्युरी म्हणतो. हे ज्युरीचे प्रकरण आपल्याकडे कसे आले आणि कसे गेले, हे पाहिल्याशिवाय आपल्या रंगभूमीवरील कोर्टाचे मर्म कळावयाचे नाही.

वऱ्हाड १८५३ साली इंग्रजी अमलाखाली आले आणि हळूहळू येथे इंग्रजी धर्तीची न्यायालये उभी राहिली. परंतु इंग्रजांनी कोर्ट आणले तरी आपली ज्युरी सगळी आणली नाही. मोफसलातील पुष्कळशा जिल्ह्यांत सेशन्स जज्जाबरोबर बसत ते असेसर. त्यांचे मत विचारले जाई, पण ते जज्जाला बंधनकारक नसे. ही असेसरांची पद्धत १९५५ साली बंद झाली. मुंबईच्या हायकोर्टात मात्र ९ जणांची ज्युरी होती. आणि तिचा एक नियम फार महत्त्वाचा आहे. इंग्लंडमध्ये त्या काळी बाराही जणांचे एकमत व्हावे लागे. मुंबईत तसे नव्हते. ९ पैकी ६ जण एका मताचे असले आणि जज्जाला ते मान्य असले, की निकाल लागला.

ह्या नियमाची किंमत काय, ते महाराष्ट्राला चांगले ठाऊक आहे. १८९७ साली लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला झाला. त्यात ६ युरोपियनांनी त्यांना दोषी ठरविले, ३ हिंदी ज्युरर निर्दोष म्हणाले. १९०८ साली दुसरा खटला झाला. त्यात ७ युरोपियन दोषी म्हणाले आणि २ पारशी गृहस्थ निर्दोष म्हणाले. टिळकांना ६ वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा होऊन ते मंडालेस गेले. त्यांच्या अपिलासाठी आपल्या वऱ्हाडातले, अमरावतीचे दादासाहेब खापर्डे विलायतेपर्यंत गेले. आता कल्पना करा, की तोच खटला त्याच दिवशी लंडनमध्ये चालला असता. ते दोन पारशी गृहस्थ आपल्या मताला चिकटून राहिले असते, तर निकाल लागलाच नसता. ज्युरी बरखास्त करून खटला पुन्हा चालवावा लागला असता. इंग्रजाने स्वतःच्या देशात एका माणसाच्या शंकेला जी किंमत दिली होती, ती आपल्याला येथे दिली नाही. इंग्लंडने स्वतः एकमताची ही अट सैल केली ती १९६७ साली, म्हणजे टिळकांच्या खटल्यानंतर ५९ वर्षांनी.

ह्या पार्श्वभूमीवर एक अमेरिकन नाटक आपल्याकडे आले, त्याची गोष्ट पाहू. रेजिनाल्ड रोझ ह्या लेखकाला न्यूयॉर्कमध्ये ज्युरीवर बसण्याचा प्रसंग आला. त्या अनुभवातून त्याने 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' हे दूरदर्शन-नाटक लिहिले. ते १९५४ साली दाखविले गेले आणि १९५७ साली त्याचा चित्रपट निघाला. एका पोरावर बापाच्या खुनाचा आरोप आहे. ११ जण त्याला दोषी ठरवून घरी जावयास उतावीळ झालेले आहेत. बारावा म्हणतो, मला शंका आहे. सर्व नाटक ह्या एका शंकेवर उभे आहे. ती उभी राहू शकते, कारण तेथे एकमताची अट आहे.

बासू चटर्जी ह्यांनी १९८६ साली ह्याचे हिंदी रूप 'एक रुका हुआ फ़ैसला' ह्या नावाने पडद्यावर आणले. पंकज कपूर, के. के. रैना, अन्नू कपूर ह्यांची त्यातली कामे अजून लोक आठवतात. परंतु कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर त्यातले काहीच आपले नव्हते. आपल्याकडे १२ जणांची एकमताने निकाल देणारी ज्युरी नव्हती. आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तर फौजदारी खटल्यांतून ज्युरीला जागाच उरली नाही. पारशी समाजाच्या विवाहविषयक दाव्यांपुरती तेवढी तिची खूण आजही शिल्लक आहे. म्हणजे जे आपल्या देशात नाही, अशा खोलीत बसलेले १२ भारतीय आपण पाहिले आणि ते आपल्याला खरे वाटले!

ह्यात एक योगायोगही आहे. चित्रपटांत येण्यापूर्वी बासू चटर्जी मुंबईच्या 'ब्लिट्झ' साप्ताहिकात व्यंगचित्रकार होते. ह्याच 'ब्लिट्झ'ने कमांडर नानावटींची बाजू घेऊन रान उठविले होते. १९५९ साली पत्नीच्या प्रियकरावर गोळ्या झाडल्याबद्दल नानावटींवर खटला झाला. ज्युरीने ८ विरुद्ध १ मतांनी त्यांना निर्दोष ठरविले. जज्जाला तो कौल पटला नाही. त्याने प्रकरण हायकोर्टाकडे पाठविले. हायकोर्टाने शिक्षा दिली आणि १९६१ साली सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. पुढे १९६४ साली राज्यपालांनी माफी दिली. ह्या खटल्यावरून हिंदी चित्रपट निघाले, मराठीत मधुसूदन कालेलकरांचे 'अपराध मीच केला' हे नाटक आले. टिळकांच्या खटल्यात दोघांचे म्हणणे बहुमताखाली दडपले गेले. नानावटींच्या खटल्यात वर्तमानपत्रांच्या गदारोळात आठ जण एका बाजूला गेले. ज्युरीवरचा आपला विश्वास उडाला, त्याला अशी दोन्ही टोके होती.

मग ज्युरी गेल्यावर आपल्या रंगभूमीने 'न्याय कोण करणार' ह्या प्रश्नाचे उत्तर कोठे शोधले? माझ्या मते ते विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' ह्या नाटकात सापडते. 'रंगायन'ने ते १९६७ साली रंगभूमीवर आणले. दिग्दर्शन अरविंद देशपांडे ह्यांचे, आणि लीला बेणारेची भूमिका सुलभा देशपांडे ह्यांची. १९७१ साली सत्यदेव दुबे ह्यांनी त्याचा चित्रपट केला. स्विस लेखक ड्यूरेनमाट ह्याच्या एका कथेशी अभ्यासकांनी ह्या नाटकाचे नाते जोडले आहे. त्या कथेत निवृत्त न्यायाधीश आणि वकील मिळून एका पाहुण्या प्रवाशावर खेळातला खटला चालवितात. तेथे खटला चालविणारे कायदा जाणणारे लोक आहेत. तेंडुलकरांनी नेमकी हीच गोष्ट बदलली.

त्यांच्या नाटकातली मंडळी म्हणजे मुंबईची एक हौशी संस्था. एका गावी 'अभिरूप न्यायालया'चा प्रयोग करावयास ती आलेली आहे. रात्रीच्या प्रयोगातला आरोपी आहे अमेरिकेचा अध्यक्ष जॉन्सन आणि आरोप आहे अण्वस्त्रांचा. परंतु वेळ घालवण्यासाठी जो लुटुपुटीचा खटला सुरू होतो, त्यात पिंजऱ्यात उभी केली जाते त्यांच्यातलीच अविवाहित शिक्षिका, मिस बेणारे. आणि आता ह्या कोर्टाची रीत पाहा. एकच वकील फिर्यादीचीही बाजू मांडतो आणि बचावाचीही. न्यायाधीश आपली खुर्ची सोडून साक्षीदार होतो आणि साक्ष देऊन पुन्हा न्यायाधीश होतो. एक साक्षीदार हातातल्या कादंबरीतून साक्ष वाचतो. ज्याची साक्ष खरोखर हवी, त्या प्राध्यापक दामल्यांची खुर्ची रिकामी राहते. आरोप असतो भ्रूणहत्येचा. आणि निकाल असा, की पोटातला गर्भ नष्ट करावा! बचावासाठी आरोपीला मिळतात १० सेकंद.

कायद्याचे पुस्तक उघडले तर ह्यातले एकही पाऊल टिकावयाचे नाही. तरीही मराठी प्रेक्षकाला हे कोर्ट परके वाटले नाही. ह्याचे कारण असे, की ते सेशन्स कोर्ट नसून आपल्या ओळखीची पंचायत आहे. ज्युरी आपल्याकडे बाहेरून आली आणि गेली. पंच मात्र आपल्या आळीत, ओट्यावर, पारावर केव्हापासून बसलेलेच आहेत. फिर्यादी तेच, साक्षीदार तेच, न्यायाधीशही तेच. आणि ज्याने जबाबदारी घ्यावयाची तो बैठकीला गैरहजर. परदेशी घाटाच्या कोर्टात तेंडुलकरांनी हे देशी पंच आणून बसविले, म्हणून ते रूपांतर अस्सल मराठी झाले.

ही केवळ नाटकातली गोष्ट नव्हे. जातपंचायतींनी माणसांना वाळीत टाकण्याचे प्रकार इतके वाढले, की महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. तो २०१६ साली विधिमंडळाने संमत केला आणि २०१७ साली राष्ट्रपतींच्या संमतीनंतर अमलात आला. तो कायदा बहिष्कार घालणाऱ्याला शिक्षा करू शकतो. परंतु चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात, शाळेच्या फाटकाशी जो निकाल रोज लागतो, त्याच्यापर्यंत कायद्याचा हात पोहोचत नाही. तेथे आरोपीला वकील नसतो, पुराव्याचा नियम नसतो आणि अपीलही नसते.

श्रोतेहो, आपल्यापैकी कोणालाही आता ज्युरीवर बसण्याचे बोलावणे यावयाचे नाही. तरीपण शेजारच्या मुलीविषयी, नव्याने आलेल्या भाडेकरूविषयी, नोकरी सुटलेल्या शिक्षिकेविषयी आपण पंच म्हणून रोज बसतोच. १९०८ साली मुंबईच्या कोर्टात ७ जणांच्या विरुद्ध दोघे आपले मत सांगून राहिले. त्यांच्या मताने निकाल बदलला नाही; पण ते मत इतिहासात नोंदले गेले. आपल्या ओट्यावरच्या कोर्टात निदान एका माणसाने 'मला शंका आहे' एवढे म्हणावे, ह्याहून अधिक मागणे माझे नाही.