मद्रासच्या सभेतले शेख, मिरजेचे खाँसाहेब

मिरजेला ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्यात उरुसाच्या दिवसांत गाणे होते, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर तिथेच आहे आणि उरुसातली संगीतसभा त्यांच्याच स्मरणार्थ भरते. खाँसाहेब मूळचे उत्तरेतल्या कैरान्याचे. मिरजेला त्यांनी आपले घर केले आणि मिरजेनेही त्यांना आपले मानले. पण त्यांचा मृत्यू मिरजेत झाला नाही. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी ते मद्रासमधली मैफल आटोपून पाँडिचेरीला निघाले होते. वाटेत छातीत दुखू लागले म्हणून सिंगापेरुमाळकोइल नावाच्या लहानशा स्थानकावर उतरले आणि तिथल्या फलाटावरच त्यांनी प्राण सोडला. अखेरच्या घटकेला त्यांनी नमाज पढली आणि दरबारीच्या स्वरांत अल्लाहचे नाव घेतले, असे सांगितले जाते.

खाँसाहेब मद्रासला कशासाठी जात होते? बिदागीसाठी जात असतील, पण तेवढ्यासाठीच नाही. दक्षिणेकडची सरगम गाण्याची रीत त्यांनी आपलीशी केली होती. त्यागराजांची खरहरप्रिया रागातली एक कृती त्यांनी ध्वनिमुद्रितही केली आहे. कैरान्याचा मुसलमान मिरजेला राहतो, मद्रासला जातो आणि तेलुगू भाषेतले रामाचे गाणे गातो, यात त्या काळच्या श्रोत्यांना काही वावगे वाटले नाही. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व यांच्या नावाने पुण्यात डिसेंबरात महोत्सव भरतो, तो आपण जाणतोच. पण त्याच डिसेंबरात मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, काय घडते याची आपल्या समाजात फारशी चर्चा होत नाही. या लेखात आम्ही त्याच महिन्याबद्दल लिहीत आहोत, कारण त्यात आपलाही एक हिशेब दडलेला आहे.

तमिळ पंचांगातला मार्गळी महिना डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत असतो. आपल्याकडे ज्याला धनुर्मास म्हणतात तोच हा महिना. पहाटे उठून भजन करण्याचा, देवळात आंडाळची तिरुप्पावै म्हणण्याचा. या महिन्यात मद्रास शहर सकाळपासून रात्रीपर्यंत गाण्यात बुडालेले असते. मैलापूर, त्यागरायनगर, ट्रिप्लिकेन अशा भागांतल्या संस्थांना तिथे ‘सभा’ म्हणतात. प्रत्येक सभेचे वेगळे व्यासपीठ, वेगळे वेळापत्रक. दुपारच्या बैठका नवशिक्यांच्या आणि बहुधा फुकट, संध्याकाळच्या मान्यवरांच्या आणि तिकिटाच्या. सभांच्या उपाहारगृहांतल्या जेवणाची चर्चा रागांच्या चर्चेइतकीच रंगते. मैफलीला तिथे ‘कच्चेरी’ म्हणतात. आपण ज्या कचेरीत दाखल्यासाठी खेटे घालतो तोच हा शब्द. हिंदुस्तानीतून तमिळमध्ये गेला आणि तिथे गाऊ लागला. ट्रिप्लिकेनमध्ये पार्थसारथी स्वामी सभा ही शहरातल्या सर्वांत जुन्या सभांपैकी एक, आणि त्याच वस्तीत अर्काटच्या नवाब घराण्याने १७९५ मध्ये बांधलेली वालाजाह मशीद. गाणे आणि अजान या वस्तीने शतकभर शेजारी शेजारी ऐकले आहे.

हा महिना आज प्राचीन वाटतो, पण त्याचे आजचे रूप शंभर वर्षांचेही नाही. डिसेंबर १९२७ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन मद्रासला भरले. सायमन कमिशनवर बहिष्कार घालण्याचा ठराव ज्या अधिवेशनात झाला तेच हे. त्याला जोडून एक संगीत परिषद भरली आणि तिथे मद्रासमध्ये संगीताची अकादमी असावी असे ठरले. त्यानुसार १९२८ मध्ये म्युझिक अकॅडमीचे उद्घाटन झाले, आणि तिच्या वार्षिक परिषदेभोवती, तिथल्या मैफलींभोवती हळूहळू हा हंगाम उभा राहिला. काँग्रेसच्या त्या अधिवेशनाचे अध्यक्ष होते डॉ. मुख्तार अहमद अन्सारी. म्हणजे ज्या मांडवात या महिन्याचे बीज पडले त्या मांडवाचा अध्यक्ष एक मुसलमान होता. योगायोगाला आम्ही इतिहास म्हणणार नाही. पण ज्यांना या उत्सवाच्या कथेत मुसलमान नावच नको असते त्यांनी हे पान उलटून पाहावे.

पुढची गोष्ट मात्र सरळ नाही. शहराचा उत्सव म्हटले की शहरातल्या कोणाचा, हा प्रश्न येतोच. या संगीताचा मोठा वारसा देवदासी घराण्यांतल्या स्त्रियांनी आणि देवळात वादन करणाऱ्या इसै वेळ्ळाळर समाजाने सांभाळला होता. सभा उभ्या राहिल्या तशी व्यासपीठाची आणि समित्यांची सूत्रे प्रामुख्याने ब्राह्मण मध्यमवर्गाकडे गेली. अकॅडमीने १९४२ मध्ये ‘संगीत कलानिधी’ हा किताब सुरू केला. या संगीतातला तो सर्वोच्च सन्मान मानला जातो. तो पहिल्यांदा एका स्त्रीला मिळायला १९६८ साल उजाडावे लागले. त्या एम. एस. सुब्बुलक्ष्मी. भाषेचाही झगडा झाला. तमिळ शहरात गायचे आणि कृती बहुतेक तेलुगू व संस्कृत, हे का, असा सवाल राजा अण्णामलै चेट्टियार यांनी केला आणि १९४३ मध्ये तमिळ इसै संगम निघाला. त्याचाही महोत्सव डिसेंबरातच सुरू झाला. एका धर्माच्या, एका शहराच्या माणसांनाही ‘आमचे गाणे’ कोणते यावर एकमत करता आले नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता शेख चिन्ना मौलाना यांच्याकडे येऊ. नादस्वरम हे वाद्य आपल्या सनईच्या कुळातले, पण लांबीने आणि आवाजाने कितीतरी मोठे. साथीला तविल. देवळातली पूजा, पालखी, लग्न यांची सुरुवात त्याच्याशिवाय होत नाही, आणि मद्रासच्या सभांतही उद्घाटनाला तेच वाजते. आंध्रातल्या गुंटूर-प्रकाशम पट्ट्यात मुसलमान घराणी पिढ्यान्‌पिढ्या हे वाद्य वाजवत आली आहेत. चिन्ना मौलाना त्यांतल्याच एका घरात, १९२४ मध्ये, करवदी गावी जन्मले. सुरुवातीची तालीम घरात वडिलांकडे आणि पुढे चिलकलूरिपेटच्या शेख आदम साहेबांकडे झाली. पण तंजावरकडची वादनाची ढब त्यांना खुणावत होती. ती शिकण्यासाठी ते नाच्चियारकोइलच्या राजम आणि दुरैकण्णू पिळ्ळै या बंधूंकडे गेले. पुढे श्रीरंगमला स्थायिक झाले आणि रंगनाथाच्या त्या गावात अखेरपर्यंत राहिले. १९७७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९९८ साली म्युझिक अकॅडमीने त्यांना संगीत कलानिधी म्हणून निवडले. ज्याला हा किताब मिळतो तोच त्या वर्षीच्या परिषदेचा अध्यक्ष असतो. त्या यादीतले हे पहिले मुसलमान नाव. त्यानंतर काही महिन्यांतच, एप्रिल १९९९ मध्ये, ते अल्लाहला प्यारे झाले.

किताब सुरू झाल्यापासून छप्पन्न वर्षे लागली. हा उशीर केवळ धर्मामुळे झाला असे म्हणणे अन्यायाचे होईल. नादस्वरम वाजवणाऱ्या हिंदू कलावंतांचीही जागा बराच काळ उद्घाटनापुरतीच राहिली. मंगलवाद्य म्हणून आधी मान द्यायचा आणि मुख्य बैठक दुसऱ्याची लावायची, ही रीत जुनी आहे. मान आणि बरोबरी यांतला फरक आपल्याला समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या गावातही वरातीपुढे वाजवणाऱ्याला आधी बोलावतात आणि पंगतीला शेवटी बसवतात.

चिन्ना मौलाना यांनी नाव बदलले नाही. देवळात वाजवले ते शेख म्हणूनच. त्यांचे नातू कासिम आणि बाबू यांनी ही परंपरा पुढे नेली. त्यांचे शिष्य शेख महबूब सुभानी आणि कालीशाबी महबूब या पतिपत्नींना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. मुसलमान स्त्रीने, नवऱ्याच्या बरोबरीने बसून, इतक्या दमसासाचे वाद्य सर्वांसमक्ष वाजवावे, ही गोष्ट आपल्या महिलांच्या मेळाव्यांतून सांगितली गेली पाहिजे.

या कलावंतांना दोन बाजूंनी एकच प्रश्न विचारला जातो. एक बाजू म्हणते, मुसलमान असून देवळात का? दुसरी म्हणते, मुसलमान असून देवळात का! शब्द तेच, फक्त शेवटचे चिन्ह वेगळे. संगीत जायज की नाजायज हा वाद जुना आहे आणि तो सोडवण्याचा आमचा अधिकार नाही. पण ज्याने हाताच्या बोटांवर आणि छातीच्या दमावर आयुष्य घालवून रोजी कमावली, त्याला इमानाचा दाखला मागण्याआधी आपण त्याचे वादन एकदा ऐकावे, एवढे म्हणण्याचा अधिकार आम्ही घेतो.

आणखी एक गोष्ट बोचते, ती लपवण्यात अर्थ नाही. रंगनाथाच्या दारात वाजवणारा मुसलमान सर्वांना आवडतो. त्याचे कौतुक करणे सोपे असते. पण मुसलमानाने स्वतःची भक्ती, स्वतःच्या शब्दांत, त्याच शहराच्या भाषेत आणली तर तिला या महिन्यात कुठे जागा? अशी भक्ती मद्रासमध्ये नव्हती असे नाही. गुणंगुडी मस्तान साहेब हे सूफी कवी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात याच शहराच्या उत्तर भागात राहिले. त्यांनी तमिळमध्ये पदे रचली, ती मुसलमानांनी गायली आणि हिंदूंनीही. तोंडियारपेटमध्ये त्यांचा दर्गा आहे. पुढे नागूर ई. एम. हनीफा आले. नागूरचा दर्गा म्हणजे तोच, ज्याचा सर्वांत उंच मिनार तंजावरच्या मराठा राजा प्रतापसिंहांनी उभारला. हनीफांचा बुलंद आवाज द्रविड चळवळीच्या सभांतून गाजला आणि त्यांची अल्लाहकडे हात पसरायला सांगणारी तमिळ गाणी हिंदू घरांतूनही ऐकली गेली. २०१५ मध्ये चेन्नईतच त्यांचे निधन झाले. शहराचे स्थानिक संगीत म्हणतात ते याहून वेगळे काय असते? तरीही मार्गळीचा इतिहास लिहिणारे सहसा ही नावे घेत नाहीत.

२०१८ मध्ये काही कर्नाटक गायकांनी ख्रिस्ती भक्तिगीते गायली म्हणून त्यांच्यावर समाजमाध्यमांतून शिव्याशापांचा वर्षाव झाला. तेव्हा गायक टी. एम. कृष्णा यांनी जाहीर केले की आपण दरमहा येशूवर किंवा अल्लाहवर एक कर्नाटक गीत प्रसिद्ध करू. हेच कृष्णा २०१५ मध्ये डिसेंबरच्या हंगामातून बाहेर पडले होते. २०२४ साली अकॅडमीने त्यांनाच संगीत कलानिधी दिला, तेव्हा काही नामवंत कलावंतांनी परिषदेवर बहिष्कार घातला. म्हणजे भांडण अजून मिटलेले नाही. दुसरीकडे, चित्रपट दिग्दर्शक पा. रंजित यांच्या नीलम संस्थेने २०२० मध्ये ‘मार्गळियिल मक्कळ इसै’, म्हणजे मार्गळीतले लोकांचे संगीत, सुरू केले. त्याच महिन्यात, त्याच शहरात परै हे दलितांचे चर्मवाद्य वाजू लागले आणि उत्तर मद्रासच्या झोपडवस्त्यांतली, मयतापुढे गायली जाणारी ‘गाना’ गाणी व्यासपीठावर आली. या ‘गाना’ शब्दातही आपल्या कानाला ओळखीचे काही लागते. २०१७ मध्ये युनेस्कोने चेन्नईला सर्जनशील शहरांच्या जाळ्यात संगीताचे शहर म्हणून घेतले. हे संगीत म्हणजे ट्रिप्लिकेनची सभा, तोंडियारपेटचा दर्गा आणि झोपडवस्तीतली गाना हे सगळेच, असे आम्ही समजतो.

मद्रासचे हे पुराण आम्ही मराठी वाचकांपुढे मांडले, ते त्या शहराला दोष देण्यासाठी नाही. भांडत का होईना, शंभर वर्षे एखादे शहर महिनाभर गाणे ऐकते, ही लहान गोष्ट नव्हे. त्या भांडणातूनच दार थोडे थोडे उघडत गेले, आधी स्त्रियांना, मग शेखांना, आता परै वाजवणाऱ्यांना. प्रत्येक वेळी दार ठोठावणारा हात रियाजाने पक्का झालेला होता आणि तो ठोठावत राहिला. आपण मात्र अनेकदा दारापर्यंत जातच नाही. घरातला पोरगा तबल्याला बसला तर त्याला उठवतो आणि नंतर तक्रार करतो की सभेत आपले कोणी दिसत नाही.

मिरजेत शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात हत्यारांना धार लावण्याचे काम सोडून तंबोरे आणि सतारी घडवायला घेतल्या. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. देशभरातल्या मैफलींत गवयाच्या मागे मिरजेचे तंबोरे असतात. ते कोणी घडवले हे कार्यक्रमपत्रिकेत छापत नाहीत. पण ते सुरात नसतील तर पुढे बसलेल्या गवयाला षड्ज लावता येत नाही. पुढच्या उरुसाला मिरजेला गेलो की खाँसाहेबांच्या कबरीवर फातिहा पढू, आणि बरोबरच्या मुलांना सिंगापेरुमाळकोइल हे स्थानक कुठे आहे तेही सांगू.