महाराजांचा गोरा माळी

जुन्या गोष्टी निघाल्या की आजी बडोद्यापासून सुरुवात करायची. तिचे वडील संस्थानच्या चाकरीत होते. कमाटीबाग, राजवाडा, सयाजीराव महाराजांची शिस्त, आणि अधूनमधून 'महाराजांचा गोरा माळी'. त्या माळ्याचं नाव मला पुढे पुस्तकांत सापडलं : गुस्ताव हेर्मान क्रुंबीगल.

१८६५ मध्ये जर्मनीत ड्रेस्डेनजवळ जन्मलेले क्रुंबीगल लंडनच्या हाइड पार्कात आणि नंतर क्यूच्या वनस्पती उद्यानात काम करत होते. तिथून १८९३ मध्ये ते बडोदा संस्थानच्या नोकरीत आले. सयाजीराव चांगली माणसं हेरून आणत. बागकामालाही त्यांनी असा तालीम घेतलेला माणूस आणला, याचं मला फार मोल वाटतं.

आजीची धाकटी बहीण लग्न होऊन बंगळूरला गेली, बसवनगुडीत, लालबागेच्या अगदी जवळ. तिच्या पत्रांवर बहुधा तारीख नसे. मजकुरातच कुठेतरी असायचं, 'जॅकरंडा संपत आला, आता गुलमोहर लागेल.' तेवढ्यावरून आजी महिना सांगायची आणि तो बरोबर निघायचा! लहानपणी मला वाटे, हा बहिणीबहिणींतला खेळ आहे.

तो खेळ नव्हता. म्हैसूरच्या कृष्णराज वडियारांनी क्रुंबीगलना बोलावून घेतलं आणि १९०८ पासून लालबाग त्यांच्या हाती आली. हैदर अलीने १७६० मध्ये घातलेली ती बाग त्यांनी वाढवलीच. पण त्यांचं खरं मोठेपण बागेच्या कुंपणाबाहेर आहे. रस्त्याकडेची झाडं त्यांनी बहराच्या क्रमाने निवडली. एका जातीचा बहर ओसरला की दुसरीचा सुरू व्हावा आणि वर्षभर शहरात कुठे ना कुठे फूल असावं. जॅकरंडा, गुलमोहर, पर्जन्यवृक्ष : यांतली कितीतरी झाडं परदेशी, पण तिथल्या हवेत रुजली. असं झाड लावणाऱ्याला पंधरा-वीस वर्षांनंतरचा रस्ता आज दिसावा लागतो. नकाशावर रेघा ओढण्यापेक्षा हे काम कितीतरी अवघड आहे, आणि म्हणूनच मी त्यांना नगररचनाकारांच्या पहिल्या रांगेत बसवते.

१९३२ मध्ये ते निवृत्त झाले आणि लालबागेची सूत्रं एच. सी. जवरय्यांकडे गेली. महायुद्धाच्या काळात जर्मन म्हणून नजरकैद वाट्याला आली, तरी त्यांनी बंगळूर सोडलं नाही. १९५६ मध्ये तिथेच त्यांचं निधन झालं. लालबागेतला त्यांच्या नावाचा जुना हॉल दुरुस्तीअभावी २०१७ मध्ये कोसळला, हे वाचून मी हळहळले.

आपल्याकडे पावसाळा आला की वृक्षारोपण होतं, खड्डे खणले जातात, फोटो निघतात. नगरपालिकांतल्या उद्यान विभागांना माझी एक विनंती आहे. रोप खड्ड्यात उतरवण्याआधी त्या रस्त्यावर कुठल्या महिन्यात काय फुलेल, हे एका कागदावर लिहून काढा.