स्विचच्या घड्याळाची कुळकथा

सिस्को कंपनीचा जुना 'कॅटॅलिस्ट' नेटवर्क स्विच चालू केला की तो बेधडक सांगतो: आज १ मार्च १९९३. अशा अनेक मॉडेलांत बॅटरीवरचं घड्याळच नाही. वीज गेली की वेळही गेली. त्या वेळेपुढे फुली असते, म्हणजे यावर भरवसा ठेवू नका. रात्री नेमका कुठला पोर्ट आधी पडला हे शोधताना असल्या लॉगचा काडीचा उपयोग होत नाही. म्हणून कॉन्फिगरेशनमध्ये एक ओळ लिहितात: 'एनटीपी सर्व्हर' आणि पुढे वेळ सांगणाऱ्या सर्व्हरचा पत्ता. एनटीपी म्हणजे 'नेटवर्क टाइम प्रोटोकॉल', नेटवर्कवरून वेळ जुळवण्याचे नियम.

या ओळीचे मूळपुरुष अमेरिकेतले डेव्हिड मिल्स. 'फझबॉल' नावाचे त्यांचे राउटर पीडीपी-११ घराण्यातल्या छोट्या संगणकांवर चालत. १९८६ साली एनएसएफनेट या अमेरिकी नेटवर्कचा पहिला, सेकंदाला ५६ किलोबिटचा कणाही या फझबॉलांवरच उभा राहिला. काही फझबॉलांची घड्याळं विजेच्या फ्रिक्वेन्सीवर चालत, त्यामुळे विजेची मागणी हलली की वेळही हले. अशा चंचल घड्याळांशी झुंजतच मिल्स यांनी १९८५मध्ये एनटीपीचे नियम प्रसिद्ध केले.

युक्ती अशी. प्रश्न निघाला कधी, सर्व्हरला पोचला कधी, उत्तर निघालं कधी, परत आलं कधी, या चार नोंदींतून प्रवासाचा वेळ वजा होतो आणि घड्याळातला फरक उरतो. गृहीत एकच: जाण्या-येण्याला सारखाच वेळ लागतो. तसं नसेल तर तफावतीच्या निम्मी चूक तशीच राहते, आणि स्विचला तिचा पत्ताही लागत नाही.

चुकीची वेळ सांगणाऱ्या सर्व्हरला मिल्स 'फॉल्सटिकर' म्हणत. अनेक सर्व्हर दिलेले असतील तर तो बहुमताने बाजूला पडतो. म्हणूनच दोनच सर्व्हर देऊन निर्धास्त होणाऱ्यांचं मला नवल वाटतं. दोघांचं पटलं नाही तर खरा कोण, हे स्विचने ठरवायचं कसं? निदान तीन द्यावेत, चार दिले तर उत्तम.

एनटीपी फक्त यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, वाहून आणतो. आपली भारतीय वेळ दिसावी म्हणून 'क्लॉक टाइमझोन आयएसटी ५ ३०' हे वेगळं लिहावं लागतं. त्यातले साडेपाच तास १ जानेवारी १९०६पासूनचे आहेत. मुंबईने मात्र ३९ मिनिटं मागे चालणारा आपला 'बॉम्बे टाइम' १९५५पर्यंत सोडला नाही.